‘वैयक्तिक कारणास्तव’

माझ्या परिचयातील एका बाईंनी काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयात कामाचे तास कमी करून मिळण्यासाठी अर्ज केला. हिशेब विभागात त्या बारा वर्षे पूर्णवेळ काम करत होत्या आणि कामात तरबेज म्हणून ओळखल्या जात. छापील अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे एका ओळीची जागा होती. अर्ज देण्यापूर्वी त्यांनी कच्च्या कागदावर जे लिहून पाहिले होते, ते मी वाचले आहे. मुलीची शाळा साडेतीनला सुटते आणि कार्यालय सहाला. वडिलांना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागते. नवऱ्याची नोकरी फिरतीची आहे. आणि महिनाअखेरीस रात्री नऊपर्यंत थांबण्याचे त्राण आता अंगात उरलेले नाही. एवढे सगळे एका ओळीत मावेना. शेवटी त्यांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ इतकेच लिहिले, वरिष्ठांनी सही केली आणि प्रकरण मिटले.

मिटले ते कागदोपत्री. कच्च्या कागदावरची चारही कारणे पुन्हा वाचली, तर त्यांपैकी एकालाही काटेकोर अर्थाने वैयक्तिक म्हणता येणार नाही. शाळेची वेळ शाळेने ठरवली होती, फिरती नवऱ्याच्या मालकाने लावली होती, महिनाअखेरीची रात्रपाळी कार्यालयाच्या कामाच्या पद्धतीतून आली होती आणि वृद्ध माणसाला रुग्णालयात नेणारे दुसरे कोणी उपलब्ध असावे, अशी सोय कोणीच केलेली नव्हती. तरीही चार संस्थांनी मिळून घातलेला हा पेच अर्जावर उतरताना एका बाईची आवड होऊन बसला. स्त्रिया पूर्णवेळ काम का पत्करतात किंवा अर्धवेळ काम का निवडतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मनात शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. ही सवय चुकीची आहे, असे मला वाटते. निवड खरी की लादलेली, हे तिच्यामागच्या कारणावरून फारसे कळत नाही. ती निवड उद्या फिरवता येते का आणि तिची किंमत कोणाच्या खात्यावर पडते, यावरून ते अधिक चांगले कळते.

ही सवय केवळ एखाद्या कार्यालयाच्या अर्जापुरती नाही, ती आकडेवारीतही मुरलेली आहे. अमेरिकेच्या सरकारी श्रमसांख्यिकीत आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी काम करणारी व्यक्ती अर्धवेळ मानली जाते आणि अशा व्यक्तींची दोन गटांत विभागणी होते: ‘आर्थिक कारणांमुळे’ अर्धवेळ आणि ‘बिगर-आर्थिक कारणांमुळे’ अर्धवेळ. काम मंदावले किंवा पूर्णवेळ नोकरी मिळालीच नाही, तर कारण आर्थिक. मुलाला सांभाळायला कोणी नाही, ही अडचण मात्र बिगर-आर्थिक कारणांच्या यादीत, आजारपण आणि शिक्षण यांच्या शेजारी बसते. पाळणाघराचे शुल्क पगाराच्या निम्म्याहून अधिक होत असेल आणि त्यामुळे एखादी आई तास कमी करत असेल, तर याहून आर्थिक कारण दुसरे कोणते असावे, हे मला अजून उमगलेले नाही. युरोपातही ‘नाइलाजाने अर्धवेळ’ या गटात प्रामुख्याने ज्यांना पूर्णवेळ काम मिळाले नाही त्यांचीच गणना होते; काम समोर आहे पण ते स्वीकारता येत नाही, अशा बाईचा नाइलाज त्या मोजपट्टीवर उमटत नाही. त्यात देशोदेशीच्या तुलनेसाठी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना ३० तासांची रेषा वापरते. म्हणजे आठवड्याला ३२ तास काम करणारी एकच बाई एका तक्त्यात पूर्णवेळ आणि दुसऱ्यात अर्धवेळ ठरते.

निवडीचा पक्ष ठामपणे मांडणाऱ्यांत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कॅथरिन हकीम यांचे नाव पुढे येते. २००० च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार आधुनिक, समृद्ध समाजात स्त्रियांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. साधारण २० टक्के स्त्रियांना घर हेच आयुष्याचे केंद्र वाटते, साधारण २० टक्के स्त्रियांना काम, आणि उरलेल्या ६० टक्के स्त्रिया दोन्हींचा मेळ घालू पाहतात. हा सिद्धांत एका वाक्यात उडवून लावणाऱ्यांपैकी मी नाही. सगळ्या स्त्रियांना एकच आयुष्य हवे असते, या गृहीतकाला त्याने दिलेला धक्का आवश्यक होता. परंतु त्यातला सर्वांत मोठा गट पाहावा. मेळ घालणाऱ्या या ६० टक्के स्त्रिया काय करतील, हे त्यांच्या आवडीवरून सांगताच येत नाही. पाळणाघर किती दूर आहे, वरिष्ठ कसे आहेत, जोडीदार किती वाजता घरी येतो, यांवर ते ठरते. म्हणजे आवडीचा सिद्धांतदेखील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत परिस्थितीच्याच दारात येऊन उभा राहतो. शिवाय सर्वेक्षणात सांगितलेली आवड ही बहुधा तडजोडीनंतरची असते. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या माणसाला तुम्हाला पाय किती लांब करायला आवडतात असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे उत्तर देईल, पण त्या उत्तरातून आपल्याला अंथरुणाची लांबी कळेल.

याच्या उलट टोकाला उभ्या असलेल्यांचेही मला पटत नाही. अर्धवेळ काम करणारी प्रत्येक बाई परिस्थितीची बळी आहे, तिला आपल्या शोषणाचे भान नाही, असे म्हणणे हा तिचा अपमान आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अर्धवेळ काम करतात. त्यांचे अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की त्यांच्यापैकी बहुतेक जणी कामावर समाधानी आहेत आणि तास वाढवण्याची त्यांना विशेष इच्छा नाही. आठवड्यातली एक मोकळी दुपार, लहान मुलाचे लहानपण, एखादा छंद किंवा केवळ विसावा यांना कार्यालयातल्या कामापेक्षा कमी लेखण्याचे कारण नाही. नोकरी हेच माणूसपणाचे एकमेव माप, हा आग्रह मालकवर्गाला फार सोयीचा आहे, एवढे तरी स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र डच उदाहरण देताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेथे २००० साली एक कायदा झाला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतील कर्मचाऱ्याला तास कमी करून मागण्याचा आणि वाढवूनही मागण्याचा अधिकार मिळाला. सबळ व्यावसायिक कारण दाखवता आले नाही, तर मालकाला तास कमी करण्याची मागणी नाकारता येत नव्हती आणि वाढवण्याचीही. तेथील समाधानात परतीच्या या वाटेचा काही वाटा असणारच. तरीही तिथल्या घराघरांत दीड पगाराची जी पद्धत रूढ झाली, तिच्यातला अर्धा पगार बहुतेक वेळा बाईचाच असतो. चांगल्या कायद्यालाही न सुटलेली ही गाठ आहे, आणि ती सोडवायची तर ‘पूर्णवेळ’ म्हणजे काय, याकडे आधी पाहावे लागते.

पूर्णवेळ हा शब्द आपण निसर्गनियम असल्यासारखा वापरतो. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात घातली. त्याआधीचे तास याहून अधिक होते, आणि कामगार चळवळींनी ते झगडून खाली आणले. पण त्या आठ तासांच्या हिशेबात एक माणूस गृहीत होता, ज्याचे जेवण, कपडे, मुले आणि आजारी आईवडील दुसरे कोणीतरी सांभाळत होते. हे दुसरे कोणीतरी पगारपत्रकावर कधी आले नाही. खरे पाहता पूर्णवेळ नोकरी ही दीड-दोन माणसांच्या वेळेवर चालणारी व्यवस्था होती. दुसरे माणूस स्वतःच नोकरीला लागले तेव्हा ती वेळ कोठून आणायची, हा प्रश्न कारखान्याने किंवा कार्यालयाने सोडवला नाही. तो घरी पाठवून दिला आणि घरात तो बाईच्या वाट्याला आला.

घरी तो कसा सोडवला जातो, याचे सर्वांत नेमके वर्णन मला क्लॉडिया गोल्डिन यांच्या अर्थशास्त्रात सापडते, ज्यांना २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही नोकऱ्या हावरट असतात, असे त्यांचे म्हणणे आहे: तेथे दुप्पट वेळ देणाऱ्याला दुपटीहून अधिक पगार मिळतो, आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी, आयत्या वेळी हजर राहणाऱ्यालाच बढती मिळते. आता दोन सारख्या शिकलेल्या, सारख्या हुशार माणसांचे घर डोळ्यांसमोर आणावे. दोघांनीही हावरट नोकरी धरली, तर मूल तापाने फणफणले असताना धावून जाणारे कोणी उरत नाही. दोघांनीही सौम्य नोकरी धरली, तर घराचे उत्पन्न बरेच घसरते. म्हणून एकजण हावरट नोकरी धरतो आणि दुसरा हाकेच्या अंतरावर राहतो. यात कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नसते, हिशेबही चोख असतो. केवळ हाकेच्या अंतरावर कोणी राहायचे, हे जवळजवळ प्रत्येक घरात एकाच बाजूने ठरते. मग पुढचे सगळे आपोआप घडत जाते, कारण त्याचा पगार वाढत राहतो, तिचा थबकतो, आणि पाच वर्षांनी तास कोणी कमी करायचे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो तेव्हा उत्तर वादातीत झालेले असते. डेन्मार्कमधील एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांच्या कमाईत दीर्घकाळ टिकणारी सुमारे २० टक्क्यांची घट दिसली. पुरुषांच्या कमाईवर तसा परिणाम झालेला नव्हता. आणि हा देश पाळणाघरांच्या बाबतीत जगात नावाजलेला आहे.

गोल्डिन यांनीच अर्थतज्ज्ञ लॉरेन्स कॅट्झ यांच्याबरोबर अमेरिकेतील औषधनिर्मात्यांच्या, म्हणजे औषधांच्या दुकानातील फार्मासिस्टांच्या, व्यवसायाचा अभ्यास केला, आणि मला तो या सगळ्या चर्चेतला सर्वांत आशादायक भाग वाटतो. एके काळी हा व्यवसाय स्वतंत्र दुकानमालकांचा होता. गिऱ्हाईक आणि मालक एकमेकांना ओळखत, आणि मालक नसला तर काम अडे. पुढे मोठ्या साखळ्या आल्या, औषधे तयार पाकिटांत येऊ लागली आणि रुग्णाची सगळी नोंद संगणकावर गेली. त्यामुळे सकाळच्या पाळीचा औषधनिर्माता गेला की दुपारच्या पाळीचा त्याची जागा विनाअडथळा घेऊ शकला. परिणाम असा झाला की या व्यवसायात कमी तास काम करणाऱ्याला ताशी मोबदला जवळपास पूर्णवेळ काम करणाऱ्याइतकाच मिळू लागला आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनातली दरी अन्य उच्चशिक्षित व्यवसायांपेक्षा पुष्कळ कमी झाली. हे घडवून आणण्यासाठी कोणी स्त्रियांची मने वळवली नाहीत की त्यांना महत्त्वाकांक्षेचे धडे दिले नाहीत. बदलली ती कामाची रचना. (स्वतंत्र दुकाने गेली, याचे दुःख ज्यांना आहे त्यांचे म्हणणेही खोटे नाही, पण तो विषय वेगळा.)

सरकारही या निवडीत असते, आणि ते ‘कारण’ या रकान्यात कधीच दिसत नाही. जपानमध्ये अनेक वर्षे ‘१०.३ लाख येनची भिंत’ हा शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात होता. पत्नीचे वार्षिक उत्पन्न त्या रेषेपलीकडे गेले की तिला प्राप्तिकर लागू होई, आणि कित्येक कंपन्या नवऱ्याला मिळणारा कुटुंबभत्ताही त्याच रेषेवर थांबवत. त्यापुढे १३ लाखांवर दुसरी भिंत होती, जी ओलांडली की सामाजिक विम्याचा हप्ता स्वतः भरावा लागे. त्यामुळे वर्ष संपत आले की अर्धवेळ काम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया उत्पन्नाची बेरीज करून वरिष्ठांकडे पाळ्या कमी करून मागत, तेही नेमक्या वर्षअखेरीच्या गर्दीत. किमान वेतन वाढले की रेषा आणखी लवकर गाठली जाई. मग वेतनवाढीचा परिणाम म्हणून तास कमी होत. या स्त्रियांना कारण विचारले असते, तर त्यांनी अर्धवेळ काम सोयीचे पडते असे सांगितले असते, आणि ते खरेच असते. जर्मनीत १९५८ पासून पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र करून, निम्मे-निम्मे मानून कर आकारण्याची सवलत आहे. तिचा सर्वाधिक लाभ जेथे एकाचे उत्पन्न मोठे आणि दुसऱ्याचे नगण्य आहे अशा जोडप्याला होतो, आणि दुसऱ्याने कमावलेल्या पहिल्या पैशावरच पहिल्याच्या चढ्या दराची छाया पडते. स्वीडनने १९७१ साली प्रत्येकाचा कर स्वतंत्र केला आणि तेथील विवाहित स्त्रियांचा हिशेब बदलला. मने एका वर्षात बदलत नाहीत, पण तक्ता बदलू शकतो.

पूर्णवेळ काम निवडणाऱ्यांची कारणे तरी कोठे निखळ आवडीची असतात? अमेरिकेत मोठ्या मालकांवर आरोग्यविम्याची जबाबदारी येते ती आठवड्याला सरासरी ३० तास किंवा अधिक काम करणाऱ्यांपुरती. ज्या घरात विमा बाईच्या नोकरीतून येतो, तेथे ती २९ तासांचा विचारही करू शकत नाही. एकटीने मूल वाढवणारी आई पूर्णवेळ काम करते, कारण अर्ध्या पगारात भाडे निघत नाही. काही स्त्रिया उद्या संसार मोडला तर आपल्या पायावर उभे राहता यावे, म्हणून तास कमी करत नाहीत, आणि हे कारण त्या क्वचितच उघड बोलतात. ज्यांना काम मनापासून आवडते त्या आहेतच, आणि त्यांना मूल लहान असताना तुम्ही कसे करता हो, असा जो प्रश्न विचारला जातो, तो चौकशीच्या सुरातला टोमणा असतो. दुसरीकडे, दुकाने आणि साफसफाईच्या कामात असंख्य स्त्रियांना पूर्ण तास हवे असूनही ते दिले जात नाहीत. त्यांच्याबाबतीत निवड हा शब्द वापरणेच गैर. वृद्धसेवा आणि शुश्रूषेच्या क्षेत्रात आणखी एक कारण आढळते. स्वीडनमध्ये नगरपालिका आणि कामगार संघटना यांनी २०१६ साली या क्षेत्रात पूर्णवेळ हाच नियम व्हावा असे ठरवले, तेव्हा अनेक जणींनी पूर्ण तास घेण्याचे टाळले. दिवसभर माणसे उचलून-बसवून पाठ आणि मन दोन्ही थकतात. कमी तास हा तेथे तग धरून राहण्याचा, पदरमोड करून विकत घेतलेला उपाय आहे.

आता किमतीबद्दल. माझ्या परिचयाच्या त्या बाईंचे तास ६० टक्के झाले, पगार ६० टक्के झाला, पण त्यांच्या टेबलावरच्या फायली पूर्वीइतक्याच राहिल्या, कारण त्यांच्या उरलेल्या ४० टक्के जागेवर कोणालाच नेमले गेले नाही. बैठका गुरुवारी दुपारी चारला होत आणि त्या तीनला निघत. शुक्रवारी सकाळी बैठकीत काय ठरले ते शेजाऱ्याला विचारून घ्यायचे आणि दुपारपर्यंत ते करून द्यायचे, असा क्रम पडला. वर्षभरात त्यांच्याकडची जबाबदारीची कामे एकेक करून दुसऱ्यांकडे गेली, तीही त्यांची ओढाताण होऊ नये या काळजीपोटी. मला हा भाग सर्वांत बोचतो, कारण यात कोणीही वाईट वागलेले नाही.

पगारातली किंमत दर महिन्याला दिसते, निवृत्तिवेतनातली तीस वर्षांनी. १९८६ साली युरोपीय न्यायालयाने निकालात काढलेल्या बिल्का खटल्यात एक विक्रेती होती. ती १९६१ ते १९७६ अशी पंधरा वर्षे बिल्का नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कामाला होती, पण १९७२ पासून तिने अर्धवेळ काम पत्करले होते. कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेसाठी वीस वर्षांच्या कालावधीत पंधरा वर्षे पूर्णवेळ काम आवश्यक होते, म्हणून तिला ते नाकारण्यात आले. अर्धवेळ कर्मचारी दुपारी उशिरा आणि शनिवारी काम करायला तयार नसतात, असा युक्तिवाद कंपनीने केला. न्यायालयाने म्हटले की अर्धवेळ कर्मचाऱ्यांना वगळणाऱ्या नियमाची झळ पुरुषांपेक्षा खूप अधिक स्त्रियांना बसत असेल, आणि त्यामागे लिंगभेदाशी संबंध नसलेले वस्तुनिष्ठ कारण मालकाला दाखवता येत नसेल, तर तो नियम समान वेतनाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. तिने अर्धवेळ काम स्वतःहून निवडले होते, ही गोष्ट न्यायालयासमोर होती. तिने निवडले म्हणून वाटेल ती किंमत तिच्याकडून वसूल करता येते, हे मात्र न्यायालयाने मानले नाही. आजच्या वादातही हा भेद जपायला हवा. ब्रिटनमध्ये मालकाने निवृत्तिवेतन योजनेत आपोआप सामील करून घेण्यासाठी एका नोकरीतून वर्षाला १०,००० पौंडांची कमाई लागते. दोन ठिकाणी अर्धवेळ राबून दोन्हीकडे या रेषेखाली राहणारी बाई, एकूण कमाई तेवढीच असूनही, त्या सोयीबाहेर राहते.

आणि परतीची वाट. जर्मनीत २००१ च्या कायद्याने तास कमी करण्याचा हक्क दिला होता, पण पूर्ववत होण्याचा हक्क नव्हता. त्यातून अर्धवेळेचा सापळा हा शब्द रूढ झाला. २०१९ पासून ४५ हून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून नंतर जुन्या तासांवर परतण्याचा हक्क मिळाला, आणि त्या योजनेला पुलाचे नाव दिले गेले. माझ्या परिचयाच्या बाईंना असा पूल नव्हता. मुलगी मोठी झाली, वडील गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा पूर्णवेळ होण्याविषयी विचारले. तास कमी करण्याचा छापील अर्ज कार्यालयात होता, वाढवण्याचा नव्हता. सध्या जागा मंजूर नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. सहा वर्षांपूर्वीच्या एका सहीने कायमचे काही ठरून गेले आहे, याची कल्पना सही करताना त्यांना नव्हती आणि वरिष्ठांनाही नसावी.

हे सारे मान्य केले, तरी डच गाठ उरतेच. हक्क दिले, कर सुधारले, परतीचा पूल बांधला, तरी तास कमी करण्याचा अर्ज बाईच भरते. तिच्याकडे कारण मागितले जाते, ते नोंदवले जाते, त्यावर अभ्यास होतात, मीही येथे तेच करतो आहे. त्या बाईंच्या नवऱ्याने याच काळात फिरतीची नोकरी पूर्णवेळ चालू ठेवली, दोनदा बढती घेतली आणि मुलीच्या शाळा सुटण्याच्या वेळेबद्दल त्याला कोणत्याही अर्जात काही लिहावे लागले नाही. पुढच्या सर्वेक्षणाच्या प्रपत्रात एक प्रश्न वाढवता येईल: घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असताना तुम्ही पूर्णवेळ काम करता, त्याचे कारण काय? तो सगळ्यांना विचारावा, पुरुषांनाही, आणि उत्तरासाठी एका ओळीपेक्षा थोडी अधिक जागा ठेवावी.